लष्करानं केलेली पाठवणी

कॅनडाच्या सैनिकांची पहिली तुकडी डिसेंबर १९३९ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रीनॉक बंदरात उतरली. जानेवारी संपायच्या आत त्यांच्यातल्या एकानं ऑल्डरशॉट छावणीजवळच्या फार्नबरो गावातल्या चर्चमध्ये इंग्रज मुलीशी लग्न केलं. दुसऱ्या महायुद्धातलं हे असं पहिलं लग्न. १९४६ संपताना हिशेब झाला, तेव्हा परदेशात लग्न केलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या बायकांची संख्या ४७,७८३ निघाली, आणि मुलं जवळपास २२ हजार. शंभरातल्या चौऱ्याण्णव बायका ब्रिटनच्या. उरलेल्यांत हॉलंडच्या एकोणीसशेच्या आसपास, बेल्जियमच्या साडेसहाशे, आणि फ्रान्स-इटलीच्या थोड्या.

इतकी लग्नं झाली, कारण कॅनडाचं सैन्य इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं अडकून पडलं होतं. फ्रान्स पडल्यावर इंग्लंडवर जर्मन आक्रमण होणार अशी भीती होती, म्हणून या पलटणी सरे आणि ससेक्सच्या गावांतून, माळांवरून पसरल्या. ऑगस्ट १९४२ ची, फ्रान्सच्या किनाऱ्यावरची दिएपची भयंकर मोहीम सोडली, तर त्यांच्यातल्या बहुतेकांना जुलै १९४३ मध्ये सिसिलीत उतरेपर्यंत लढाई अशी दिसलीच नाही. तरणीताठी मुलं, घरापासून हजारो मैल दूर, हातात ब्रिटिश शिपायापेक्षा चांगला पगार आणि संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये नाच. गावातली कुटुंबं रविवारी त्यांना जेवायला बोलवत. पुढचं वेगळं सांगायला नको.

या मुलींकडे नंतरच्या लिखाणातून पुष्कळदा भाबड्या पोरी म्हणून पाहिलं गेलं. मला ते पटत नाही. त्यांच्यातल्या कितीतरी जणी स्वतः गणवेशात होत्या. कोणी हवाई दलाच्या महिला विभागात, कोणी विमानवेधी तोफांवर, कोणी शेतावरच्या महिला दलात, कोणी दारूगोळ्याच्या कारखान्यात रात्रपाळीला. लंडन आणि लिव्हरपूलवर बॉम्ब पडत असताना त्यांनी काम सोडलं नव्हतं. नवरा निवडताना त्या आंधळ्या झाल्या, असं म्हणण्याआधी त्यांचं ते वय आणि ते दिवस बघायला हवेत. ज्याच्याशी लग्न केलं तो आज ना उद्या आघाडीवर जाणार होता, कदाचित परत येणारच नव्हता. आणि परत आला तर आपल्यालाही त्याच्या देशात जावं लागेल, हे त्यांना ठाऊक होतं.

लग्न दोघांनी ठरवलं तरी होकार लष्कराचा लागे. सैनिकाला कमांडिंग ऑफिसरची परवानगी काढावी लागायची. वय लहान असेल तर आईवडिलांची संमती, अर्ज केल्यावर काही आठवडे थांबणं, आणि आधीचं लग्न झालेलं नाही असं लिहून देणं. परवानगी नाकारली जाऊ शकत होती आणि नाकारली जातही होती. हा मुद्दा साधा वाटतो, पण एका घराला तो साठ वर्षांनी भोवला. ते पुढे येईलच.

ऑगस्ट १९४४ मध्ये लंडनमधल्या कॅनेडियन लष्करी मुख्यालयानं या बायकांसाठी स्वतंत्र कचेरी उघडली, कॅनेडियन वाइव्ह्ज ब्युरो. कॅनडा सरकारनं बायका-मुलांचा सगळा प्रवासखर्च उचलायचं ठरवलं: माहेरच्या स्टेशनापासून थेट सासरच्या स्टेशनापर्यंत, आगबोट, रेल्वे, वाटेतलं जेवणखाण सगळं धरून. ज्यांचे नवरे लढाईत पडले, अशा काही विधवाही याच सोयीनं सासू-सासऱ्यांकडे गेल्या. वधूंसाठी माहितीपुस्तिका निघाली, आणि १९४५ मध्ये कॅनेडियन पद्धतीच्या स्वयंपाकाचं छोटं पुस्तकही. युद्ध संपल्यावर मात्र आधी सैनिक घरी न्यायचे होते आणि बोटी अपुऱ्या होत्या, त्यामुळे बायका महिनोन्‌महिने माहेरीच बसून राहिल्या. मग अचानक पत्र येई की अमुक दिवशी सामान घेऊन लंडनला हजर व्हा. निरोप घ्यायला हातात मोजके दिवस. पाठवणी बापानं नाही, लष्करानं केली.

फेब्रुवारी १९४६ मध्ये खास या बायका-मुलांना घेऊन 'मॉरिटेनिया' लिव्हरपूलहून निघाली, आणि त्यानंतर वर्षभर फेऱ्या चालूच राहिल्या. 'ॲक्विटेनिया', 'क्वीन मेरी', 'लेटिशिया', अशी मोठमोठी नावं. पण आतून या सैन्य वाहून नेणाऱ्या बोटी होत्या. एकावर एक बंक, एका केबिनीत कितीतरी बायका आणि त्यांची रडणारी पोरं. फेब्रुवारी-मार्चचा अटलांटिक म्हणजे पोटात ढवळणारच. जिकडेतिकडे दोऱ्यांवर बाळांचे लंगोट वाळत घातलेले, आणि रेडक्रॉसच्या स्वयंसेविका मळमळणाऱ्या आयांची मुलं काखेत घेऊन फिरताहेत. जेवणघरात पहिल्यांदा बसल्यावर बऱ्याच जणींचं लक्ष आधी गेलं ते पावावर. इंग्लंडमध्ये १९४२ पासून जाड्याभरड्या पिठाचा करडा सरकारी पाव खाऊन कंटाळलेल्या या बायकांपुढे पांढराशुभ्र मऊ पाव होता, लोणी हवं तेवढं, संत्री, मांस. काही जणी एवढ्या तुटून पडल्या की रात्री सगळं उलटलं. त्या पांढऱ्या पावाची गोष्ट या बायकांच्या आठवणींत इतक्या वेळा येते की प्रवासातलं दुसरं काही सांगितलं नाही तरी एवढं सांगितलं जातंच.

बोट लागायची हॅलिफॅक्सच्या पीअर २१ वर. १९२८ मध्ये उघडलेला हा धक्का म्हणजे कॅनडात येणाऱ्या लाखो लोकांचा उंबरठा. आज तिथं स्थलांतराचं संग्रहालय आहे. धक्क्यावर बँड वाजे, स्वागताची भाषणं होत, कागद तपासले जात आणि लगोलग मागच्या रुळांवर उभ्या असलेल्या खास गाड्यांत बायकांना बसवलं जाई. त्या गाड्यांनी कॅनडा किती मोठा आहे ते त्यांना पहिल्यांदा समजावलं. इंग्लंडमध्ये सकाळी बसलेला माणूस संध्याकाळपर्यंत देशाच्या टोकाला पोहोचतो. इथं दिवस उगवायचा, मावळायचा, पुन्हा उगवायचा, आणि खिडकीबाहेर तेच बर्फ, तीच झाडं, नंतर तेच सपाट माळ. गाडीतल्या बायका एकेक करून उतरत. माँट्रियल आणि टोरांटोला गर्दीत, हातात फुलं घेतलेल्या माणसांत. पुढे सस्कॅचवानच्या गव्हाच्या मुलखात मात्र गाडी एकाच बाईसाठी थांबायची. एक लाकडी शेड, धान्याचं उंच कोठार, प्लॅटफॉर्मवर तीन-चार माणसं. उरलेल्या बायका खिडक्यांना नाक लावून बघत: नवरा आलाय का, सोबत सासू आहे का, घोडागाडी आहे की मोटार. उतरणाऱ्या बाईनं नवऱ्याला आजवर फक्त गणवेशात पाहिलेलं असायचं. अंगावर शेतातले कपडे, डोक्यावर टोपी असा माणूस समोर आला की काही जणींना तो क्षणभर ओळखूच आला नाही.

आणि मग घर. नवऱ्यानं 'रँच' असा शब्द वापरलेला असायचा, तिथं दोन खोल्यांचं लाकडी घर निघायचं. वीज नाही, नळ नाही, संडास अंगणापलीकडे आणि बाहेर उणे तीस. लाकडाच्या चुलीवर पाव भाजायचा. नवऱ्याच्या आईच्या हाताखाली राहायचं आणि ती सांगेल तसं करायचं. न्यू ब्रुन्सविक आणि क्वेबेकमधल्या फ्रेंच बोलणाऱ्या घरांत पडलेल्यांना सासूशी बोलायचीच चोरी. हॉलंडहून आलेल्यांना तर इंग्रजीसुद्धा नवीन. काही जणी हे सोसू शकल्या नाहीत आणि परत गेल्या. पण त्या वेळी परत जायचं तिकीट काढायला पैसे लागत, आणि ते नवऱ्याच्या खिशात असत. बाकीच्यांनी संसार केले, अतिशय निष्ठेनं आणि पुष्कळदा आनंदानंही. हे कौतुकानं सांगायलाच हवं, कारण या बायकांच्या हिमतीचा हिशेब तुटलेल्या लग्नांच्या आकड्यावर मांडायची सवय वर्तमानपत्रांना आहे.

आईची भेट म्हणजे पत्र. अटलांटिकपलीकडे फोन लावता येई, पण तो रेडिओवरून आणि इतका महाग की सामान्य घरात त्याचा विचारही होत नसे. समुद्राखालून टेलिफोनची तार पडली ती १९५६ मध्ये. त्यात जुलै १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये पावावरही रेशन आलं. युद्धातसुद्धा नव्हतं ते शांततेत आलं. मग या मुलींनी कॅनडातून घरच्यांना खाऊचे पार्सल पाठवायला सुरुवात केली: डबाबंद मांस, चहा, साखर, सुका मेवा. माहेरहून काही यायचं त्याऐवजी सासरहून माहेराला जायला लागलं.

या सुनांच्या गोष्टीत एक विचित्र भाग आहे. कॅनडाच्या मूळ रहिवाशांतले तरुणही मोठ्या संख्येनं युद्धात गेले होते आणि त्यांनीही इंग्रज मुलींशी लग्नं केली. मूळ रहिवाशांसाठीच्या तिथल्या 'इंडियन' कायद्याप्रमाणे अशा मुलीला लग्नाबरोबर आपोआप 'इंडियन' दर्जा मिळे आणि ती राखीव वस्तीत राहायला जाई. याच कायद्यानं राखीव वस्तीतल्या मुलीनं बाहेरच्या माणसाशी लग्न केलं की तिचा दर्जा काढून घेतला जाई. हे कलम १९८५ पर्यंत टिकलं. बाईची ओळख नवऱ्यावरून ठरणार, असं सरकारनं इतक्या उघडपणे लिहून ठेवलेलं क्वचितच सापडतं.

मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. इटलीत कॅनडाची पहिली डिव्हिजन ज्या आठव्या आर्मीत लढत होती, तिच्यातच आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिथेच पडले. त्यांना मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीनं स्वीकारला. कोकणातल्या, साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या हजारो घरांत शिपायाची बायको म्हणजे मनीऑर्डरची वाट पाहणारी बाई. तिला बोट येणार नव्हती आणि तिनं ती मागितलीही नव्हती. आणि ज्या कॅनडानं गोऱ्या सुनांसाठी बोटी सोडल्या, त्याच कॅनडानं १९०८ च्या नियमानं हिंदी माणसाला दारं जवळपास बंद केली होती, १९१४ मध्ये हिंदी प्रवाशांची 'कोमागाता मारू' बोट व्हँकुव्हरहून परत पाठवली होती, आणि ब्रिटिश कोलंबियात राहणाऱ्या हिंदी लोकांना मतदानाचा हक्क १९४७ पर्यंत दिला नव्हता. सरकारनं मनावर घेतलं तर काय होऊ शकतं हे १९४६ नं दाखवलं. कोणासाठी मनावर घ्यायचं, हेही त्याच वर्षानं दाखवलं.

कॅनडाचं सरकार या बायकांशी वाईट वागलं असं मी म्हणणार नाही. इतक्या आयाबाळांना युद्धानंतरच्या गोंधळात सुखरूप पोहोचवणं ही मोठी कामगिरी आहे. पण त्या बोटीतली जागा, रेल्वेचं तिकीट, मासिक भत्ता, देशात उतरायचा हक्क, सगळं नवऱ्याच्या नावावर होतं. नवरा चांगला, हयात, बरोबर असला तोवर काही बिघडत नव्हतं.

१ जानेवारी १९४७ ला कॅनडाचा स्वतंत्र नागरिकत्व कायदा लागू झाला. तोवर सगळे ब्रिटिश प्रजाजन होते. उतरताना आपण कॅनेडियन झालो असं ज्यांना सांगितलं गेलं, त्यांच्यातल्या काही जणींना पुढे पेन्शनच्या किंवा पासपोर्टच्या अर्जाच्या वेळी कळलं की कागदांत आपलं नावच नाही. मुलांचं आणखी अवघड. टेलर नावाच्या एका गृहस्थांचा खटला या संदर्भात गाजला. ते १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मले. वडील कॅनेडियन सैनिक. आईशी लग्न करायची परवानगी वरिष्ठांनी नॉर्मंडीच्या मोहिमेआधी दिली नव्हती, म्हणून लग्न मुलाच्या जन्मानंतर झालं. १९४६ मध्ये आई त्यांना घेऊन ब्रिटिश कोलंबियात गेली, संसार जमला नाही आणि काही महिन्यांत मायलेक इंग्लंडला परतले. पुढे म्हातारपणाच्या उंबरठ्यावर त्यांनी नागरिकत्व मागितलं, तर उत्तर आलं की तुम्ही लग्नाबाहेर जन्मलात आणि चोविसाव्या वर्षापर्यंत तुम्ही अर्जही केला नाही. २००६ मध्ये फेडरल कोर्टात ते जिंकले, २००७ मध्ये अपिलात हरले, आणि शेवटी २००८ मध्ये सरकारनं विशेष बाब म्हणून त्यांना नागरिकत्व दिलं.

२००६ मध्ये कॅनडातल्या अनेक प्रांतांनी 'युद्धवधूंचं वर्ष' साजरं केलं. नोव्हेंबरमध्ये माँट्रियलहून हॅलिफॅक्सला खास गाडी निघाली, साठ वर्षांपूर्वीच्या मार्गानं उलटी. नातवंडांसह आलेल्या या बायका पीअर २१ वर पुन्हा उतरल्या. कायदा मात्र त्यानंतर सुमारे अडीच वर्षांनी, एप्रिल २००९ मध्ये बदलला, तोही अर्धवट. ज्यांचा प्रश्न १९४७ च्या आधीचा होता त्या बायका आणि मुलं त्यातून सुटलीच होती. त्यांना सामावून घेणारी दुरुस्ती ११ जून २०१५ ला अमलात आली. १९४६ मध्ये विशीत असलेली सून तोवर नव्वदीला टेकली होती, आणि ज्यांच्यासाठी ही दुरुस्ती होती त्यांच्यातल्या बऱ्याच जणींसाठी अर्ज करायला आता त्यांची मुलं पुढे येत होती.