टाकीला येणारा घाम

सकाळी ट्रॅक्टर दोन-चार झटके देऊन बंद पडतो, फिल्टरच्या वाटीत तळाशी पाणी दिसतं आणि ठरलेला वाद सुरू होतो. एक म्हणतो, डिझेलच पाण्याचं होतं. दुसरा म्हणतो, नाही, टाकीला घाम आला. दोन्ही गोष्टी होतात. कुठली किती होते, याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

डिझेलची टाकी हा बंद डबा नव्हे. डिझेल खर्ची पडेल तशी त्याच्या जागी हवा यावी लागते, नाहीतर पुरवठाच थांबेल. त्यासाठी बहुतेक झाकणांत बारीक छिद्र असतं. दिवसा टाकी तापली की आतली हवा फुगून बाहेर पडते आणि रात्री गार झाली की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. थंड पत्र्यावर तिचं दहिवर धरतं आणि ओघळून खाली जातं. लिटरभर डिझेल साधारण 830 ग्रॅम भरतं आणि पाणी 1000, म्हणून पाणी तळ गाठतं आणि तिथेच राहतं. शेत उताराचं असलं किंवा नांगराचा हिसका बसला की तेच हलून नळीत शिरतं.

समजा, टाकीत 40 लिटर जागा रिकामी आहे आणि 30 अंशांची पूर्ण दमट हवा पहाटे 22 अंशांवर आली. सुटणारं पाणी अर्ध्या ग्रॅमच्याही आत, म्हणजे आठ-नऊ थेंब. पावसाळ्याच्या 120 रात्री रोज असंच झालं तरी कटिंग चहाचा एक ग्लास जेमतेम भरेल. तेव्हा रात्री टाकी भरून ठेवण्याची जुनी सवय चांगलीच आहे. पण आठवड्याभरात वाटी भरून पाणी निघत असेल, तर घामाला बोल लावू नका. झाकणाचं रबर चिरलंय का, कॅन बुचाविना अंगणात उभा असतो का, नरसाळं पावसात टांगलेलं असतं का, ते बघा. धुताना पाण्याचा फवारा झाकणावर धरणारेही कमी नाहीत.

एवढ्याशा पाण्याचा धाक का? इंधन पंपाच्या आत प्लंजर फिट बसतो तो दोन-तीन मायक्रॉनच्या फटीत. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. या फटीत वंगण म्हणून डिझेलच काम करतं आणि पाण्याला तो गुण नाही. त्यातही चालत्या ट्रॅक्टरपेक्षा उभ्या ट्रॅक्टरचं नुकसान जास्त, कारण गंज धरायला वेळ मिळतो. शिवाय पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात. फिल्टर चोंदवणारा काळा, बुळबुळीत गाळ बऱ्याचदा त्यांचाच असतो. सीआरडीआय इंजिनांत तर दाब कितीतरी जास्त. तिथे पाण्याचा दिवा लागला की ट्रॅक्टर बंदच करायचा.

पाणी काढायची वेळ पहाटेची, सेल मारण्याआधी, कारण रात्रभरात ते खाली बसलेलं असतं. फिल्टरच्या किंवा वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करा, खाली काचेची बाटली धरा. पाणी खाली आणि डिझेल वर, असे दोन थर दिसतील. निव्वळ डिझेल येईपर्यंत सोडा आणि स्क्रू आवळा. वाटी पूर्ण उघडली असेल तर हातपंप मारून हवा काढा. टाकीत स्पिरिट ओतून पाणी ‘जिरवणारे’ भेटतात. मी त्यांच्या वाटेला जात नाही.

हायड्रॉलिकची गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, मागचा एक्सल, तेलात बुडालेले ब्रेक आणि लिफ्ट, सगळ्यांना तेल एकच. पाणी इथे तळाला बसत नाही. गिअर ते घुसळतात आणि तेल दुधाच्या चहासारखं होतं. पाणी शिरतं ते गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून, ब्रीदरमधून आणि भातखाचरात चिखलणी करताना एक्सलच्या झिजल्या सीलमधून. माझ्या लिव्हरचं रबर फाटलं तेव्हा मी वर्षभर प्लॅस्टिकची पिशवी बांधून भागवलं. रबर स्वस्त होतं, तेल नव्हतं. पलटी नांगराचे पाइप काढले की कपलिंगला टोप्या लावा, चिखलात लोळवू नका. ट्रॉलीच्या जॅकचा दांडा आत घेऊनच ट्रॉली उभी करा. बाहेर राहिलेल्या दांड्याला गंजाचे खड्डे पडले की तो प्रत्येक फेरीत सील कापतो.

तेलाचं बॅरल उघड्यावर उभं ठेवलंत तर वरच्या कडेच्या आत पाणी साचतं आणि रात्री बॅरल आकसलं की ते बुचाच्या आट्यांतून आत ओढलं जातं. बॅरल आडवं करा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येतील असं. मग बुचांच्या आतल्या बाजूला तेल राहतं आणि बाहेर पाणी साचत नाही.

तेलाबद्दल शंका असेल तर जुना तवा कडक तापवा आणि चेहरा लांब ठेवून त्यावर एक थेंब टाका. नुसता धूर निघाला तर ठीक. तडतडलं तर पाणी आहे. मग आधी पाणी शिरायची वाट बंद करा, गरम असतानाच तेल सोडा, जाळी धुवा आणि नवं भरा. तवा मात्र पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.