संदर्भाची वाट : पाली ग्रंथ, लेणी-लेख आणि संगणकीय अक्षरजुळणी

नाशिकच्या त्रिरश्मी पर्वतावर, ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात तेथे, दहाव्या क्रमांकाच्या विहारात उषवदाताचा दीर्घ लेख कोरलेला आहे. उषवदात हा क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात. हे लेणे त्याने भिक्खुसंघासाठी कोरविले. सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या या लेखात इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने लोकांसाठी विनामूल्य नावांची सोय केल्याची नोंद आहे. दमण म्हणजे तलासरीच्या उत्तरेकडून वाहणारी दमणगंगा आणि दाहनुका म्हणजे डहाणूची नदी, असे अभ्यासक मानतात. डहाणू-तलासरीचा प्राचीन इतिहास लिहू पाहणाऱ्यास बौद्ध लेण्यातील या लेखापासून आरंभ करावा लागेल.

परंतु या लेखाचा संदर्भ द्यावयाचा कसा? फर्ग्युसन, पर्सी ब्राऊन यांच्या स्थापत्यविषयक ग्रंथांत हा विहार आठव्या क्रमांकाचा आहे. आजच्या गणनेत तो दहावा. एमिल सेनार यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात (१९०५-०६) नाशिकचे लेख संपादित केले, तेथे या लेखालाही क्रमांक १० आहे. म्हणजे लेणे दहावे आणि लेखही दहावा, हा निव्वळ योगायोग. ल्यूडर्स यांच्या १९१२ च्या ब्राह्मी लेखसूचीत त्याचा क्रमांक ११३१. अशा स्थितीत 'नाशिक, क्र. १०' एवढेच लिहिणारा लेखक वाचकाला लेण्याकडे पाठवितो की लेखाकडे, हे त्याचे त्यालाच ठाऊक! स्थळनामांचीही तीच गत. डहाणूची जुनी माहिती १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये (खंड १३) शोधावी लागते, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला.

हा प्रश्न केवळ पंडितांच्या सोयीचा नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात मूळ आधारांचे तपशीलवार संदर्भ छापलेले नव्हते. त्यामुळे 'हे बुद्धवचन नव्हे, लेखकाचे स्वतःचे मत आहे' असे म्हणण्याची संधी टीकाकारांना मिळाली. भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना एकेका वचनाचा पाली आधार शोधून काढण्याचे श्रम घेतले. पुढे महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या ११ व्या खंडात (१९९२) हा ग्रंथ छापला आणि १९९५ मध्ये त्याच्या पाली व अन्य आधारांची स्वतंत्र पुरवणी काढली. मधली जवळजवळ चार दशके आक्षेपाला उत्तर देण्यासाठी सामान्य उपासकाच्या हाती पान क्रमांक नव्हता.

आज विहारांतून, महाविद्यालयांतून आपले तरुण पुस्तिका आणि प्रबंध स्वतःच संगणकावर जुळवितात. त्यांच्यासाठी लाटेक ही विनामूल्य अक्षरजुळणी प्रणाली आणि तिच्यातील 'बिबलाटेक' हा संदर्भांसाठीचा संच विशेष उपयुक्त आहे. त्याचे तत्त्व सोपे आहे. ग्रंथांची माहिती एका वेगळ्या धारिकेत एकदाच नोंदवावयाची. लेखात केवळ त्या नोंदीची खूण द्यावयाची. आणि ती नोंद तळटीपेत व सूचीत कशी दिसावी याचे नियम तिसऱ्या ठिकाणी ठेवावयाचे. नियम बदलला की सर्व प्रबंधातील संदर्भ एका फटक्यात बदलतात. मात्र हे तयार नियम पाश्चात्त्य विद्यापीठांतील आधुनिक लेखकांच्या पुस्तकांसाठी बनलेले आहेत. ते तिपिटकाला जसेच्या तसे लावले की विपरीत घडते.

उदाहरणार्थ, सिगालोवाद सुत्त. तिपिटकाला आधुनिक अर्थाने लेखक नाही, म्हणून नोंदीतील लेखकाची जागा आपण रिकामी ठेवतो. मग प्रणाली संपादकाचे नाव उचलते. पाली टेक्स्ट सोसायटीच्या दीघनिकायाचा तिसरा खंड कार्पेंटर यांनी १९११ मध्ये संपादिला; तेव्हा तळटीपेत छापून येते, 'कार्पेंटर १९११, पृ. १८०'. तथागतांनी सिगाल गृहपतिपुत्राला केलेला उपदेश कार्पेंटरसाहेबांच्या नावावर जमा! नालंदेची देवनागरी आवृत्ती वापरली तर तोच उपदेश भिक्खू जगदीश काश्यपांचा ठरतो.

यावर उपाय 'शॉर्टहँड' नावाच्या रकान्यात आहे. नोंदीत हा रकाना भरून तेथे 'दी.', 'म.', 'सं.', 'अं.' असे निकायांचे संक्षेप घातले की लेखक-वर्षाच्या जागी सर्वत्र तोच संक्षेप छापला जातो. कोणता संक्षेप कोणत्या आवृत्तीचा, याची यादी एका आज्ञेने ग्रंथाच्या आरंभी आपोआप तयार होते. संपादकांचे ऋण त्या यादीत रीतसर नोंदले जाते, आणि तीच त्याची योग्य जागा आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न स्थाननिर्देशाचा. आपल्या वाचकांपैकी कोणाकडे पाली टेक्स्ट सोसायटीची रोमन आवृत्ती असते, कोणाकडे १९५६ ते १९६१ दरम्यान निघालेले नालंदेचे ४१ खंड, तर कोणाकडे इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाची देवनागरी आवृत्ती. पृष्ठे तिन्हींत निराळी. सुत्तक्रमांक दिला की प्रश्न सुटला, असे वाटते. पण तेही पूर्ण खरे नाही. आपल्या लेखनात वारंवार येणारे कालाम सुत्त घ्या. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात ते रोमन आवृत्तीच्या गणनेने ६५ वे, तर इगतपुरीच्या आवृत्तीत ६६ वे आहे, आणि तेथे त्याचे नाव केसमुत्ति सुत्त. सिगालोवाद दीघनिकायात ३१ वे. परंतु देवनागरी आवृत्तीत प्रत्येक वग्गाची गणना नव्याने सुरू होते, म्हणून पाथिकवग्गात ते आठवे सापडते. अमुक सुत्त 'दिलेल्या जागी नाही' अशी तक्रार करणारे वाचक बहुधा या एकदोन अंकांच्या फरकात अडकलेले असतात.

म्हणून माझ्या मते आपल्या प्रकाशनांनी सुत्ताचे नाव, सुत्तक्रमांक आणि रोमन आवृत्तीचा खंड-पृष्ठ ही तिन्ही द्यावीत : 'कालाम सुत्त, अं. ३.६५ (१.१८८)'. रोमन आवृत्ती आपल्यापाशी नसली तरी तिचे पृष्ठ द्यावे, कारण इगतपुरीची संगणकीय आवृत्ती तिची पृष्ठे दाखविते. हे पृष्ठ सर्व आवृत्त्यांना जोडणारा सामाईक धागा आहे. बिबलाटेकमध्ये ही मांडणी एकदा ठरविली की लेखकाला स्वल्पविराम आणि कंस मोजीत बसावे लागत नाही.

गाथांच्या बाबतीत आणखी एक खोड आढळते. धम्मपद आणि सुत्तनिपात यांचा निर्देश गाथेने होतो; पण प्रणाली कोणत्याही अंकापुढे 'पृ.' लावते आणि वसल सुत्ताच्या आरंभीची ११६ वी गाथा 'पृ. ११६' होऊन बसते. त्या नोंदीच्या 'पेजिनेशन' रकान्यात हा ग्रंथ गाथांनी मोजावा असे सांगून, त्या शब्दाचे मराठी रूप नियमांत एकदा लिहून ठेवावे. 'संपा.', 'अनु.', 'खंड' हे शब्दही तेथेच ठरवावेत.

बाबासाहेबांच्या ग्रंथासाठी याच युक्तीचा उपयोग होतो. १९५७ ची पृष्ठे १९९२ च्या खंडाशी जुळत नाहीत आणि मराठी-हिंदी अनुवादांशी तर नाहीतच. पण बाबासाहेबांनी ग्रंथाची रचनाच कांड, भाग, प्रकरण आणि क्रमांकित वचने अशी केली आहे. तिपिटकाच्या वाचकाला परिचित अशी ही रचना त्यांनी हेतुपुरस्सर योजिली असावी. पृष्ठाऐवजी हे चार अंक दिले की तलासरीच्या वाचकाला त्याच्याजवळच्या मराठी प्रतीत आणि लंडनच्या वाचकाला इंग्रजी प्रतीत तेच वाक्य सापडेल.

शिलालेखांसाठी तयार नोंदप्रकार नाही. तो स्वतः घडवावा लागतो, आणि बिबलाटेक तशी मुभा देते. त्यात स्थळ, लेणे, सेनार क्रमांक आणि ल्यूडर्स क्रमांक असे चार स्वतंत्र रकाने ठेवावेत. मग डहाणूचा उल्लेख 'नाशिक, लेणे १०, सेनार १०, ल्यूडर्स ११३१' असा निःसंदिग्ध छापला जाईल. सोपाऱ्याच्या अशोक-लेखखंडांनाही हाच नोंदप्रकार चालेल, फक्त तेथे लेण्याचा रकाना रिकामा राहील.

राहता राहिली सूचीतील नावे. 'आंबेडकर, भीमराव रामजी' येथे आडनाव आधी घेणे योग्य. परंतु भिक्खूंना आडनाव नसते. 'आनंद कौसल्यायन' हे नाव तोडून 'कौसल्यायन, आनंद' करणे प्रणालीचा अडाणीपणा होय. असे नाव दुहेरी महिरपी कंसांत ठेवले की ते अखंड राहते. वर्णानुक्रमाचे काम 'बायबर' हा जोड-कार्यक्रम करतो; त्याला भाषा मराठी असल्याचे सांगितले तर तो 'ळ' हा 'ह'नंतर आणि 'क्ष', 'ज्ञ' अखेरीस ठेवतो. न सांगितल्यास 'क्ष'ने आरंभ होणारी नावे 'क'च्या रांगेत जाऊन बसतात, आणि मुद्रिते तपासणाऱ्याच्या ते सहसा लक्षातही येत नाही.