डबीच्या डोक्यावरची फुली

टीव्ही लावला की लाल दिवा लुकलुकतो, आतून ‘टक्’ असा आवाज येतो आणि पुन्हा सगळं गप्प! असा टीव्ही पाहिलाय कधी? अशा वेळी दुरुस्ती करणारे काका बहुतेकदा म्हणतात, ‘सप्लाय बघावा लागेल.’

सप्लाय म्हणजे टीव्हीच्या आतला वीज पुरवणारा बोर्ड. भिंतीतल्या सॉकेटमध्ये असते २३० व्होल्टची वीज, आणि ती सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे करते. आतल्या नाजूक चिपना मात्र हवी ५ किंवा १२ व्होल्टची, एकाच दिशेनं वाहणारी, जराही न डगमगणारी वीज.

काका मल्टीमीटर घेतात आणि वीज ज्या वाटेनं जाते त्याच वाटेनं निघतात. आधी फ्यूज. तो उडाला असेल, तर नुसता नवा बसवून भागत नाही. तो का उडाला ते आधी शोधायचं. फ्यूज ठीक? मग पुढे चार डायोड. ते विजेला एकाच दिशेनं जाऊ देतात. त्यांच्या पुढे मोठा कपॅसिटर, आणि इथे एक गंमत आहे. साध्या सप्लायमध्ये इथे मीटर जवळजवळ ३२५ व्होल्ट दाखवतं! भिंतीत २३०, मग जास्तीचे आले कुठून? कुठूनच नाही. २३० हा पुढे-मागे होणाऱ्या विजेचा एक प्रकारचा सरासरी आकडा आहे. तिच्या लाटेचा माथा मुळातच ३२५ पर्यंत जातो, आणि कपॅसिटर त्या माथ्यापर्यंत भरतो. प्लग काढल्यावरही ही वीज त्यात काही काळ साठून राहते आणि जबरदस्त झटका देते. म्हणून टीव्ही उघडायचं काम तुम्ही मुळीच करायचं नाही. काकासुद्धा बोर्डाला हात लावण्याआधी तो कपॅसिटर रिकामा करून घेतात.

आता शेवटचा टप्पा, जिथून कमी व्होल्टवर उतरवलेली वीज चिपकडे जाते. १२ व्होल्ट यायला हवेत तिथे आकडा नाचतोय: वर चढतो, कोसळतो, पुन्हा चढतो. सापडला चोर! इथले छोटे कपॅसिटर पाण्याच्या टाकीसारखे असतात. वीज तुटक-तुटक आली, तरी पुढे धार एकसारखी जावी म्हणून. टीव्ही सुरू होताना जास्त वीज मागतो. तेव्हा टाकीत साठाच राहिला नसेल, तर व्होल्टेज बसतं. मग सप्लाय स्वतःच बंद होतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा बंद होतो. दिवा लुकलुकतो तो म्हणूनच.

पण या कपॅसिटरला होतं तरी काय? ॲल्युमिनियमच्या त्या छोट्या डबीत दोन पातळ पत्रे आणि मध्ये एका द्रवात भिजलेला कागद अशी गुंडाळी असते. वर्षानुवर्षं गरम होऊन द्रव आटतो, आत वायू तयार होतो आणि डबीचं सपाट डोकं फुगतं. त्या डोक्यावर बारीक फुली कोरलेली असते. ती शोभेची नाही बरं का! तिथे पत्रा मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो, म्हणजे दाब वाढला की डबी फुलीवर हळूच उकलते, फटाक्यासारखी फुटत नाही. किती विचारानं केलेली सोय ही! २००० नंतरच्या काही वर्षांत तर अशा फुगलेल्या डब्या जगभरच्या संगणकांत सापडल्या, कारण त्यांत भरलेला द्रवच सदोष होता.

काका जुनी डबी काढतात आणि तेवढ्याच क्षमतेची नवी बसवतात. डबीच्या अंगावरचा पट्टा उणे बाजूलाच हवा. उलटी बसली तर ती तापून फुटू शकते. कथलाचा थेंब थंड झाला की पुन्हा मीटर लावायचं. १२.१... १२.१... १२.१. आता खुशाल टीव्ही लावा!