बदाम नाहीत म्हणून अडत नाही

"मॅडम, हिला रोज चार बदाम सुरू करू का? परवडत नाहीत, पण आणीन कसेही करून." दहावीतल्या मुलीला घेऊन आलेल्या एका आईने मला परवा विचारले. मुलीला जिना चढताना धाप लागत होती, चक्कर येत होती. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेआठ! लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विचारले, "घरात कारळे, तीळ, शेंगदाणे आहेत का?" "ते तर आहेतच. पण चटणी सासूबाई आणि मीच खातो. मुलांना नको असते."

वाचकहो, हे एका घरचे दुखणे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. बदाम वाईट नाहीत; पण ते नाहीत म्हणून अडत नाही. तिळात आणि कारळ्यात बदामापेक्षा लोह जास्त. सालासकट तिळात कॅल्शियम बदामाच्या तिपटीहून अधिक. शेंगदाण्यात प्रथिनेही बदामापेक्षा कमी नाहीत. जवसाच्या तेलात हृदयाला हितकारक ओमेगा-३ मेदाम्ल भरपूर असते.

मुले चटणी खात नसतील तर लाडू करा. एक वाटी शेंगदाणे, एक वाटी तीळ आणि पाव वाटी जवस मंद आचेवर वेगवेगळे भाजा. तीळ तडतडू लागले की उतरवा. करपले तर कडू होतात. गार झाल्यावर दाण्यांची साले काढून सगळे भरड वाटा. त्यात एक वाटी किसलेला गूळ घालून पुन्हा एकदा फिरवा. तेल सुटते आणि पाकाशिवाय लाडू वळता येतात. लिंबाएवढा एक लाडू दिवसाला पुरे. हे पदार्थ तेलाचे आहेत, शिवाय त्यात गूळ. मूठमूठ खाल्ले तर वजन वाढते. मधुमेह असलेल्यांनी लाडवाऐवजी चटणीच खावी.

कारळे भाजून लसूण, तिखट, मीठ घालून कुटलेली चटणी भाकरीबरोबर खाताना वर लिंबू पिळा. लिंबातील 'क' जीवनसत्त्वामुळे धान्या-बियांतले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटा परिणाम होतो. चहा तासाभराने घ्यावा.

आता सावधगिरी. बुरशी आलेले, काळपट, कडवट दाणे सरळ फेकून द्या. बुरशीचे विष यकृताला घातक असते आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही. दळलेले जवस लवकर खवट होते, म्हणून आठवड्यापुरतेच कुटा. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. कूट करून द्या. दाणे किंवा तीळ खाल्ल्यावर अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील तर ते बंद करून डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक. लाडू हे गोळ्यांना पर्याय नाहीत, जोड आहेत. त्या मुलीला मी तीन महिने गोळ्या सांगितल्या आहेत. निघताना तिच्या आईचे डोळे पाहिले, तेही फिकटच होते. तिलाही तपासणीला बोलावले आहे. घरात लाडू वळाल तेव्हा वळणारीच्या वाट्याचा एक लाडू आधी बाजूला काढून ठेवा.