आवार कोठे सुरू होते? (शस्त्र आणि सनद : लेखांक सहावा)

भाऊबीज आटोपली, हलक्या धानाची कापणी हातावेगळी झाली आणि बांध्यांतले पाणी आटू लागले, म्हणजे गोंदिया जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी आलेल्या असतात, सोयरेधायरे बैलबंडीऐवजी आता मोटारसायकलींवरून उतरतात, दिवसा दुकाने आणि दंडार, रात्री नाटक, असा तो थाट; आणि गावात मोकळी, सपाट जागा म्हणून जी काही असते ती पुष्कळदा जिल्हा परिषदेच्या शाळेपुढील पटांगणच असल्यामुळे दुकानांची पाले आणि नाटकाचा मांडव तेथेच पडतो. अशा मंडईत, समजा, एखादा पाहुणा कमरेला पिस्तूल लावून आला. चार माणसे कुजबुजतात, पाचवा दबल्या आवाजात सांगतो की त्याच्यापाशी परवाना आहे, आणि तेवढ्यावर सर्वांचे समाधान होऊन विषय मिटतो. परवाना आहे, मग आणखी काय पाहावयाचे?

गेल्या लेखांकात आपण परवाना मिळविण्याची रीत पाहिली : जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे अर्ज, नजीकच्या पोलीस ठाण्याचा अहवाल, चौकशी आणि शेवटी मंजुरीचा हुकूम. परंतु सनद हाती पडली म्हणजे शस्त्र सर्वत्र मिरविण्याची मुभा मिळाली, हा समज आपल्याकडे इतका रूढ आहे की सनदेच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत छापलेल्या शर्ती वाचण्याचे कष्ट खुद्द परवानाधारकही क्वचितच घेत असेल. त्या शर्तींत एक अशी आहे, की परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने अथवा जिल्हा दंडाधिकाऱ्याने खास अधिकार दिला नसेल, तर परवानाधारकाने आपले शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, इतर कोणत्याही सार्वजनिक जमावात, किंवा कोणत्याही शिक्षणसंस्थेच्या आवारात नेता कामा नये. मंडईतील आपल्या पाहुण्याने, म्हणजे, एका पावलात तीन मनाया ओलांडल्या : जत्रा तीच, जमाव तोच आणि शाळेचे आवारही तेच.

या शर्तीतील एकेक शब्द सावकाश वाचण्याजोगा आहे. खास अधिकार कोणी द्यावयाचा, तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने अथवा जिल्हा दंडाधिकाऱ्याने. मुख्याध्यापकाने नव्हे, शाळा व्यवस्थापन समितीने नव्हे, आणि जे महाशय संस्थेचे अध्यक्ष या नात्याने स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसतात त्यांनी तर नव्हेच. संस्था आपली, इमारत आपण बांधलेली, जमीन आपल्या आजोबांनी दान दिलेली, म्हणून आवारही आपलेच, असा युक्तिवाद आपल्या भागातील काही संस्थाचालकांच्या मनात असू शकतो. या शर्तीपुढे तो एक क्षणही टिकत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यावयाचे झाल्यास ते म्यानात, पूर्ण झाकलेले आणि नेणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे असे ठरविले आहे. पण झाकलेले पिस्तूल शाळेत चालते असा त्याचा अर्थ कोणी काढील तर तोही चुकेल, कारण शर्त नेण्याविषयी आहे, दाखविण्याविषयी नाही. तसेच शाळा भरलेली असो की उन्हाळ्याची सुटी असो, शर्तीत भेद नाही. वैशाखात वऱ्हाडाचा जानोसा शाळेच्या वर्गांत दिला जातो, हे आपल्याकडे कोणाला नवीन नाही. त्या जानोशात खुंटीला अडकविलेली बंदूकही शिक्षणसंस्थेच्या आवारातीलच बंदूक ठरते, आणि त्या वेळी तेथे एकही विद्यार्थी नव्हता ही सबब शर्तीच्या शब्दांत कोठे बसत नाही. (वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने निराळीच शिक्षा ठेवली आहे : दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या प्रकरणाकडे पुढे स्वतंत्रपणे वळू.)

या सर्व बंधनांचे मूळ लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीतील १८७८ च्या कायद्यात आहे. त्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्ह्याचे केले आणि गोऱ्यांना मात्र सवलतीच्या यादीत बसविले. काँग्रेसच्या प्रारंभीच्या अधिवेशनांतून त्याविरुद्ध ठराव झाले ते या भेदभावामुळे. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा शस्त्र अधिनियम संमत झाला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. आपला मुलूख तोपर्यंत मध्यप्रांतातून मुंबई राज्यात आणि तेथून महाराष्ट्रात आलेला होता; गोंदिया ही भंडारा जिल्ह्याची तहसील होती आणि १ मे १९९९ रोजी तिचा स्वतंत्र जिल्हा झाला. मालगुजारी तत्पूर्वीच गेली होती. मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले आणि कागदोपत्री ‘मामा तलाव’ म्हणून उरले, वाड्यांच्या भिंतींवरील बंदुकाही नव्या कायद्याच्या नोंदीत आल्या. पण बंदूक म्हणजे घराण्याची प्रतिष्ठा ही भावना काही सरकारजमा झाली नाही. कमरेच्या पिस्तुलाकडे पाहून गाव दबल्या आवाजात बोलते, ते त्याच भावनेचे शेपूट होय.

मात्र या जिल्ह्यात बंदुकीचा दुसराही एक वंश आहे, आणि त्याच्याविषयी तुच्छतेने लिहिणे अन्यायाचे होईल. नवेगाव-नागझिराच्या जंगलालगत ज्याची शेती आहे त्याला रानडुकराचा कळप एका रात्रीत धानाची काय दशा करतो हे सांगावे लागत नाही. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक, जिला इकडे भरमार म्हणतात, मागणाऱ्या नागरिकाविषयी १९५९ च्या अधिनियमाचे तेरावे कलम मुद्दाम उदार आहे. आता हा शेतकरी पहाटे माचाणावरून उतरतो, खांद्यावर भरमार, हातात विजेरी, आणि पांदणीचा वळसा टाळण्यासाठी शाळेच्या पटांगणातून आडवा जातो, कारण शाळेला कुंपणच नाही. त्याने शर्त मोडली काय? शाळेच्या मालकीच्या जमिनीवर त्याचे पाऊल पडले असेल तर मोडली. पण ती जमीन कोठे सुरू होते? पिंपळाच्या पारापासून, ध्वजस्तंभापासून, की हातपंपापासून? कायदा ‘आवार’ हा एक शब्द उच्चारतो आणि मोजपट्टी हातात न घेता निघून जातो.

मोजपट्टी कायद्याला ठाऊक नाही असे मात्र नव्हे. तेंदूपत्त्याच्या या जिल्ह्यात, जेथे कित्येक घरांची चूल बिडीवर पेटली, तेथील प्रत्येक पानठेलेवाल्याला हे माहीत असावयास हवे, की २००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचा कोणताही पदार्थ विकण्यास बंदी केली आहे. म्हणजे शाळेपासून बिडी किती दूर असावी हे संसदेने यार्डांत सांगितले. बंदूक किती दूर असावी हे सांगावयाचे राहून गेले. अमेरिकेत १९९० च्या केंद्रीय कायद्याने शाळेभोवती हजार फुटांची हद्द आखली. १९९५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने लोपेझ नावाच्या विद्यार्थ्याच्या खटल्यात, शाळेजवळ बंदूक बाळगणे हा काही आंतरराज्य व्यापार नव्हे, सबब केंद्राला तो अधिकारच पोचत नाही, म्हणून तो कायदा रद्द ठरविला. आणि पुढच्याच वर्षी तेथील काँग्रेसने व्यापाराचे चार शब्द घालून तोच पुन्हा केला. हद्द फुटांत सांगणारा हा कायदा राज्याचा परवाना असलेल्या इसमाला मात्र त्या हद्दीतून वगळतो. शाळेच्या दारात आपल्याकडे परवानाधारकाला अडविले जाते. तेथील केंद्रीय कायदा त्यालाच वाट देतो आणि त्याला थांबवावयाचे की नाही हे राज्याराज्यांवर सोडतो. टेक्सास राज्याने सरकारी विद्यापीठांच्या इमारतींत परवानाधारकाला झाकलेले पिस्तूल नेण्याची मोकळीक दिली ती १ ऑगस्ट २०१६ पासून. ऑस्टिनच्या विद्यापीठातील मनोऱ्यावरून एका माणसाने गोळ्यांचा वर्षाव केला त्याला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षे झाली होती. आपली मुले तेथे शिकावयास धाडणाऱ्या मराठी आईबापांनी हा भेद ध्यानी ठेवलेला बरा.

शाळेत शस्त्र नेण्यास आपल्या कायद्याने मोकळीक दिली आहे ती कर्तव्याच्या नात्याने, मालकीच्या नात्याने नव्हे. कामावरचा पोलीस शिपाई तिच्यात येतो. आणि राष्ट्रीय छात्रसेनेचा विद्यार्थीही येतो, कारण पंचेचाळिसाव्या कलमाने छात्रसैनिकाला त्याच्या कर्तव्यापुरते अधिनियमातून वगळले आहे. त्यामुळे असे घडू शकते, की मुलगा सकाळच्या कवायतीला मैदानावर रायफल धरून उभा आहे आणि त्याच्या परवानाधारक बापाला आपले पिस्तूल फाटकाबाहेरच ठेवून आले पाहिजे. यात विसंगती मुळीच नाही. रायफल मुलाची नाही, कवायतीची आहे. पुढाऱ्याच्या मागे चालणाऱ्या सरकारी अंगरक्षकाला जे लागू ते पदरी ठेवलेल्या खासगी रक्षकाला लागू नाही, हेही ओघानेच आले.

आता ज्या तुलनेसाठी हा लेखांक लिहावयास घेतला तिच्याकडे येतो. निवडणूक जाहीर झाली की जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती परवान्यांची यादी चाळते, काहींना शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात, आणि मतदानाच्या आदल्या सायंकाळी मतपथके त्याच जिल्हा परिषदेच्या शाळांत येऊन उतरतात. सालेकसा-देवरीकडील रानांत ही पथके कोणत्या बंदोबस्तात जातात, आणि आमगाव व अर्जुनी मोरगाव या मतदारसंघांत मतदान दुपारी तीनलाच का आटोपते, हे येथील वाचकाला सांगणे नलगे. त्या एका दिवसापुरते तिसरीच्या वर्गाचे मतदान केंद्र होते, शंभर मीटरवर चुन्याची रेघ ओढली जाते, आणि लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे १३४-ब हे कलम जागे होते. ते म्हणते, की मतदानाच्या दिवशी निवडणुकीचे अधिकारी, पोलीस आणि शांतता राखण्यासाठी नेमलेली माणसे यांखेरीज कोणीही शस्त्र घेऊन मतदान केंद्राच्या परिसरात जाऊ नये. जाईल त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. शस्त्र जप्तीस पात्र. आणि परवाना आपोआप रद्द झाला असे समजावयाचे.

दुसऱ्या दिवशी चुन्याची रेघ पुसट होते, फळ्यावर पुन्हा पाढे येतात, आणि तोच इसम तेच पिस्तूल घेऊन त्याच वर्गाच्या दारात उभा राहिला, तर त्याने मोडलेली असते ती केवळ परवान्याची एक शर्त. तिची शिक्षा अधिनियमाच्या तिसाव्या कलमात आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा दोन हजारांचा आकडा १९८३ च्या दुरुस्तीचा आहे. तेव्हा त्याला काही वजन असेल, आज तो चांगल्या बैलाच्या झुलीच्या किमतीशीही जेमतेम बरोबरी करील. परवाना रद्द करता येतो, पण तो अधिकाऱ्याच्या मर्जीने. आपोआप काही होत नाही. जी इमारत एकच, जिचा उंबरठा एकच, तिथे मतपेटी असली तर कायदा चौपट कठोर आणि मुले असली तर तो दोन हजारांवर राजी, याचे समर्थन मला तरी करता येत नाही. मतपेटीची कदर कमी करा असे मी म्हणत नाही. जी भाषा संसदेला एका दिवसासाठी सुचली ती उरलेल्या दिवसांसाठी का सुचू नये, एवढाच माझा सवाल आहे.

कोणी म्हणेल की हे सारे अमेरिकेचे भय, आपल्याकडे असे कोठे घडते? ११ डिसेंबर २००७ रोजी गुरगावात शाळकरी मुलांनी वडिलांचे पिस्तूल नेऊन वर्गबंधूला ठार केले, आणि जानेवारी २०१८ मध्ये हरियाणातीलच यमुनानगर येथे बारावीच्या विद्यार्थ्याने वडिलांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरने मुख्याध्यापिकेचा प्राण घेतला. दोन्ही वेळी शाळेत शिरले ते शस्त्र, त्याचा धनी नव्हे. त्यामुळे आवाराची शर्त तेथे निरुपयोगीच होती आणि खरी हयगय घरच्या कपाटापाशी झाली होती. पेशावरच्या शाळेतील हत्याकांडानंतर खैबर पख्तुनख्वा प्रांताने शिक्षकांनाच शस्त्र बाळगण्याची मुभा दिली. घाबरलेल्या सरकारचा तो उपाय समजण्यासारखा आहे, अनुकरणीय नाही. आपल्या शिक्षकाच्या हाती जनगणना, मतदारयादी आणि पोषण आहाराचा तांदूळ आधीच आहे, त्यात काडतुसांच्या हिशेबाची भर नको.

तेव्हा दुरुस्ती करावयाची ती दोन ठिकाणी करावी : शर्तीतील शाळेचे शब्द उचलून अधिनियमात स्वतंत्र कलम करावे आणि त्याला बिडीला आहे तशी यार्डांची मोजणी द्यावी. ते काम दिल्लीचे आहे आणि त्याला वेळ लागेल. गोंदियाच्या परवानाधारकांना तोवर विनंती एवढीच, की यंदाच्या मंडईला निघण्यापूर्वी आपली पुस्तिका काढून शर्ती एकदा वाचाव्यात, पिस्तूल घरी कुलपात ठेवावे, आणि त्या कुलपाची किल्ली देवघरातल्या नेहमीच्या डबीत ठेवू नये. ती डबी मुलांना माहीत असते.