नळावरचा पांढरा थर

तुमच्या न्हाणीघरातला नळ जरा जवळून पाहा. पाणी विहिरीचे किंवा विंधणविहिरीचे असेल, तर नळाच्या तोंडाशी पांढरा, खडबडीत थर साचलेला दिसेल. साबणाने कितीही घासला तरी तो हटत नाही. असे का?

कारण तो साधा मळ नाही. तो चक्क दगड आहे! पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतील कार्बन डाय-ऑक्साइड त्यात विरघळतो. वाटेत चुनखडी भेटली, की तिचे कॅल्शियम बायकार्बोनेट बनते आणि तेही पाण्यात उतरते. असे पाणी दुष्फेन असते, म्हणजे त्यात साबणाचा फेस नीट होत नाही. हे पाणी नळावर वाळले, की कार्बन डाय-ऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे पुन्हा चुनखडीच, मागे उरते.

चुनखडी आम्लात विरघळते. मग महागडी द्रव्ये कशाला? लिंबाच्या रसात सुमारे पाच टक्के सायट्रिक आम्ल असते. हिशेब केला, तर एका लिंबाचा रस जवळजवळ एक ग्रॅम थर विरघळवू शकतो. सुती फडके रसात भिजवून नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग काथ्याने घासून धुऊन टाका.

बादलीवरचा बुळबुळीत थर मात्र वेगळा. त्यात अंगावरचे तेल असते. तेलावर लिंबाचा उपयोग नाही. तेथे कोमट पाण्यात कालवलेला धुण्याचा सोडा हवा. त्याने हात कोरडे पडतात, म्हणून काम होताच ते धुवा. काही जण लिंबू आणि सोडा एकत्र करतात. फेस खूप येतो, पण आम्ल व अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात. फेस म्हणजे सफाई नव्हे!

घासायला प्लॅस्टिकची घासणी कशाला? तिचे झिजलेले तुकडे सांडपाण्यातून वाहत जातात आणि वर्षानुवर्षे कुजत नाहीत. नारळाच्या काथ्यात लिग्निन भरपूर असल्याने तो पाण्यात लवकर सडत नाही. टाकून दिल्यावर मात्र सावकाश मातीत मिसळतो. वेलीवर वाळलेल्या घोसाळ्याची जाळीही अशीच उपयोगी.

आता दोन इशारे. पहिला फरशीसाठी. शहाबादी, कडप्पा आणि संगमरवर हे सारे कॅल्शियम कार्बोनेटचेच दगड आहेत. जे लिंबू नळावरचा थर खाते, ते या फरश्याही खाते. शंका असल्यास कोपऱ्यात एक थेंब टाकून पाहा. बुडबुडे आले तर तेथे आम्ल नको.

दुसरा इशारा जिवासाठी. ब्लीचिंग पावडर आणि कोणतेही आम्ल, मग ते संडास धुण्याचे ॲसिड असो वा साधे व्हिनेगर, कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात ईप्र येथे सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. दारे-खिडक्या बंद असलेल्या लहानशा न्हाणीघरात तो फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतो. घरात हे मिश्रण कोणी करत असेल, तर त्यांना लगेच थांबवा आणि कारणही समजावून सांगा.

रविवारी नळावरचा थर खरवडून चिमूटभर पूड घ्या व तिच्यावर लिंबू पिळा. बुडबुड्यांतून कोणता वायू बाहेर पडतो, हे आता तुम्हीच सांगा!