थडग्यातले रंग आणि फ्लॅशचा बागुलबुवा

इजिप्तमध्ये लक्झरजवळच्या ‘राजांच्या खोऱ्या’त थडग्याच्या तोंडाशीच पहारेकरी बजावतो : नो फ्लॅश! अजिंठा पाहिलेल्या मराठी पर्यटकाला ही ताकीद ओळखीची आहे. तिचं कारण मात्र बहुतेक जण चुकीचं सांगतात.

फ्लॅशने रंग उडतात, हा पहिला समज. तिथले बहुतेक रंग खनिज आहेत. लाल-पिवळा गेरूचा, पांढरा चुनखडीचा किंवा जिप्समचा, निळा वाळू, चुना आणि तांबं एकत्र तापवून केलेला. असे रंग प्रकाशाला सहज दाद देत नाहीत. मनशीळ हे नारिंगी-लाल खनिज मात्र उजेडात हळूहळू पिवळं पडतं. पण क्षणभराच्या लखलखाटापेक्षा दिवसभर जळणारे दिवेच भिंतीवर कितीतरी जास्त प्रकाश ओततात. तरीही बंदी मला योग्यच वाटते. नाजूक रंगांवर विनाकारण आणखी मारा कशाला? शिवाय अरुंद वाटेत इतरांचे डोळे दिपतात आणि फोटो काढणारा तिथेच खिळून राहतो.

खरा वैरी आहे ओलावा. राणी नेफरतारीचं थडगं पुरातत्त्वज्ञ स्कियापारेल्लीने 1904 मध्ये शोधलं. तिथल्या चुनखडीतलं मीठ ओलाव्यात विरघळतं, सुकताना त्याचे स्फटिक होतात आणि रंगासकट गिलावा फुगून सुटतो. आपला घाम आणि श्वास त्यात भरच घालतात. म्हणूनच गर्दीवर मर्यादा हवी. गेटी ही वारसा जपणारी संस्था आणि इजिप्तचं पुरातत्त्व खातं यांनी 1986 ते 1992 या काळात हे थडगं सावरलं. ‘एवढे ताजे रंग म्हणजे नंतर रंगवलेले’ असं म्हणणाऱ्यांसाठी : तेव्हा गिलावा पक्का केला, धूळ-मीठ काढलं, पण गेलेल्या जागी नवं चित्र काढलं नाही.

तुतनखामुनच्या थडग्यातल्या तपकिरी डागांची कथा याहून रंगतदार. पर्यटकांच्या श्वासामुळे ही बुरशी वाढतेय, असं बोललं जाई. गेटीच्या तज्ज्ञांनी हे डाग उत्खननाचा छायाचित्रकार हॅरी बर्टनने 1920 च्या दशकात काढलेल्या छायाचित्रांशी ताडून पाहिले. डाग वाढलेलेच नव्हते! ते सूक्ष्मजीवांचेच, पण ते जीव केव्हाच मेलेले. म्हणजे फोटोनेच पर्यटकांना या एका आरोपातून सोडवलं.

प्राचीन चित्रकार आरशांनी ऊन आत वळवत, ही कल्पना चित्रपटांतच शोभते. थडगी घडवणाऱ्या कारागिरांच्या वस्तीतल्या नोंदींमध्ये दिव्याच्या वातींचा हिशेब सापडतो. आरशांनी ऊन आत नेलं ते बर्टनने, काही थडग्यांत.

मोबाइलमधला रंग हाच खरा रंग, हाही भ्रमच. दिव्याची झाक आणि मोबाइलचा स्वतःचा भडकपणा त्यात मिसळतो. भिंतीपुढे काच असेल तर फ्लॅशने फोटोत पांढरा झोतच येतो. त्यापेक्षा कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, वाढवा आणि हात स्थिर ठेवा.

कॅमेऱ्याचे आणि तिकिटाचे नियम बदलत असतात, तेव्हा ते खिडकीवरच विचारून घ्या. आणि मोबाइलचा फ्लॅश ‘ऑटो’वर असेल, तर पायऱ्या उतरण्याआधीच बंद करा.